जोडगोळीचे पेटंट

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या मंडळींपुढे औषधांचा विषय काढू नये, एवढा शिष्टाचार मला कळतो. परंतु हा अंक ज्या घरात वाचला जाईल त्या घरात चिवड्याच्या डब्याशेजारी कोणाच्या तरी गोळ्यांचाही डबा असणारच. आणि त्या डब्यातल्या पुष्कळशा गोळ्या हल्ली एकट्या राहात नाहीत. एकीच्या पोटात दोन औषधे, कधी तीन, प्रसंगी चार. रक्तदाबाची दोन एकत्र, मधुमेहाची दोन एकत्र, क्षयाची तर चारही एकत्र. मराठीने या प्रकाराला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे : जोडगोळी!

माझे भांडण या जोडगोळीशी नाही. ती सोयीची आहे आणि कित्येक रोग्यांच्या बाबतीत उपकारकही आहे. माझे भांडण आहे ते तिच्या मालकीविषयी. दोन औषधे जगाला माहीत, दोन्हींचे गुण माहीत, दोन्ही एकाच रोगावर एकाच रोग्याला दिली जातात हेही माहीत, आणि तरीसुद्धा ती दोन्ही एका साच्यात दाबून, “हा माझा शोध! वीस वर्षे दुसऱ्या कोणी याला हात लावायचा नाही!” असे म्हणणारे लोक या जगात आहेत. त्यांच्या म्हणण्यावर मोहोर उठवणारी सरकारेही आहेत. या गोष्टीचा मला राग येतो, आणि तो राग दिवाळीपुरता बासनात बांधून ठेवावा असे मला वाटत नाही.

आपल्या बोलण्यात ‘पेटंट’ या शब्दाला मोठा गमतीचा अर्थ आलेला आहे. एखादा वक्ता दर सभेत तोच विनोद करू लागला की आपण म्हणतो, हा त्याचा पेटंट विनोद. जावईबापू दर दिवाळीला रुसतात, ते त्यांचे पेटंट रुसणे. म्हणजे जे साऱ्यांना आधीपासून ठाऊक असते ते पेटंट! कायद्याचा अर्थ याच्या अगदी उलट. जे आधी कोणाला ठाऊक नव्हते, इतकेच नव्हे तर त्या धंद्यातल्या जाणत्या माणसालाही सहज सुचले नसते, तेच पेटंटाला पात्र. औषधांच्या जोडगोळ्यांसाठी आलेले काही अर्ज पाहिले की मला वाटते, आपल्या बोलीनेच हा शब्द बरोबर ओळखला.

पेटंट म्हणजे काही पाप नव्हे. तो एक सौदा आहे. संशोधकाने आपली युक्ती जगापुढे उघड करायची, आणि त्या बदल्यात समाजाने त्याला ठराविक मुदतीचा मक्ता द्यायचा. आपल्या देशात या सौद्याचा नीट विचार झालेला आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली या विषयावर एक जाडजूड अहवाल दिला, त्यातून १९७० चा पेटंट कायदा झाला आणि १९७२ पासून तो अमलात आला. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही, फक्त तो बनवण्याच्या रीतीवर, असा त्याचा बाणा होता. पुढे जागतिक व्यापाराच्या करारापायी २००५ साली आपल्याला तो बाणा सोडावा लागला आणि पदार्थावरही पेटंट देणे आले. पण कायद्याच्या तिसऱ्या कलमातली एक ओळ तेव्हाही जागच्या जागी राहिली. तिचा भावार्थ असा, की ज्या मिश्रणात घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होते, ते मिश्रण म्हणजे शोध नव्हे. ही ओळ लिहिणारा मनुष्य कधीतरी एखाद्या दवाखान्यात कंपाउंडरशेजारी उभा राहिला असला पाहिजे, अशी माझी समजूत आहे.

कारण मी स्वतः कंपाउंडर. राहणारा बुरोंडीचा, उमेदीची वर्षे दापोलीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काढली. कंपाउंडर या शब्दाचा अर्थच मुळी मिसळणारा. आजच्या मुलांना ती बाटली दाखवायलासुद्धा मिळायची नाही; काचेची, बूच लावलेली, अंगावर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली. पट्टीचा एक दात म्हणजे एक डोस. पोट फुगले असेल तर सोडा, आल्याचा अर्क आणि पेपरमिंटचे पाणी. खोकला असेल तर नवसागर आणि इपेकाकचा अर्क. डॉक्टर चिठ्ठीवर दोन अक्षरे खरडीत आणि मी आत मोजून, ओतून, हलवून बाटली बाहेर देई. अशा हजारो बाटल्या मी भरल्या असतील. त्यांतल्या एकीलाही मी शोध म्हटले असते, तर डॉक्टरांनी मला रजा घेऊन गोव्याला हवापालटासाठी जायला सांगितले असते.

त्याच दवाखान्यात आमच्या गावच्या बंदरावरच्या एक म्हाताऱ्या बाई येत. सकाळी दोन गोळ्या, रात्री एक. वाचता येत नसे. मी सकाळच्या दोन्ही गोळ्या एका पुडीत बांधून पुडीवर सूर्य काढून देई, रात्रीच्या पुडीवर चंद्रकोर. बाईंचा डोस पुन्हा कधी चुकला नाही. दोन गोळ्या एकत्र केल्याने रोग्याचे कल्याण होते, हे मला त्या पुडीने शिकवले. पण कल्याण ही एक गोष्ट, आणि शोध ही दुसरी. सगळा वाद या दोन शब्दांच्या मधल्या खाचरात चालला आहे.

आता औषधे एकत्र देण्याची कल्पना मुळात कोणाची? क्षयाचीच गोष्ट घ्या. स्ट्रेप्टोमायसिन १९४४ साली पहिल्याने क्षयरोग्याला दिले गेले. रोगी उठून बसू लागले, डॉक्टरांना आनंदाचे भरते आले. आणि थोड्याच महिन्यांत त्यांतले काही रोगी पुन्हा आडवे झाले. जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. मग इंग्लंडातल्या वैद्यक संशोधन परिषदेने दुसरे एक औषध, पास नावाचे, त्याच्या जोडीला देऊन पाहिले. १९५० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही एकदम दिली की जंतूंचा हा चकवा पुष्कळच थांबतो. यामागचा हिशेब शाळकरी पोरालाही कळेल. एका औषधाला चकवणारा जंतू लाखोंत एखादा निघतो; दोघांना एकदम चकवणारा निघणे जवळजवळ अशक्य. १९५२ साली आयसोनायझिड आले, तेव्हा एडिंबरोच्या जॉन क्रॉफ्टन यांनी तिन्ही एकत्र देऊन क्षय बरा करून दाखवला. एकट्या औषधाने भागत नसेल तर दुसरे जोडीला द्यावे, हा तेव्हापासून वैद्यकाचा पाढाच झाला. कुष्ठरोगावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली, तीही याच पाढ्यातली.

एवढे डोक्यात ठेवून आता पुढची हकीकत ऐका. एड्सच्या विषाणूवरचे झिडोव्हुडीन हे औषध अमेरिकेत जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ साली बनवले होते, तेही कर्करोगासाठी. तिथे ते चालले नाही; १९८७ साली एड्सवर त्याला मान्यता मिळाली. परंतु विषाणू त्याला लवकरच चकवू लागला. स्ट्रेप्टोमायसिनची जुनी कहाणी नव्याने सुरू झाली. मग लॅमिव्हुडीन आले. अमेरिकन सरकारने त्याला १९९५ च्या नोव्हेंबरात परवानगी दिली, ती कशासाठी? झिडोव्हुडीनच्या जोडीने देण्यासाठी! म्हणजे हे दुसऱ्याबरोबर घ्यायचे, हे त्या औषधाच्या परवानगीतच लिहिलेले. जगभरचे डॉक्टर दोन्ही गोळ्या एकाच चिठ्ठीवर लिहून देत होते, रोगी दोन्ही एकाच घोटाबरोबर गिळत होते. आणि १९९७ साली ग्लॅक्सो या बड्या कंपनीने या दोन गोळ्यांची एक गोळी करून तिच्या पेटंटासाठी भारतात कलकत्त्याच्या कचेरीत अर्ज ठेवला.

तुम्ही म्हणाल, दोन गोळ्यांची एक गोळी एवढ्यावर कोण अर्ज करील? आणखी काहीतरी असेलच. होते ना! गोळ्या पाडताना भुकटी साच्यात सुरळीत घसरावी म्हणून तिच्यात एक सरकते द्रव्य घालतात. ते घातल्याचा उल्लेख अर्जात होता. हे द्रव्य म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. रसायनशास्त्राच्या पुस्तकात पाहिलेत तर आमच्या बुरोंडीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मुख्यत्वे हेच सापडेल. औषधाच्या कारखान्यातले ते अर्थात शुद्ध आणि पिठासारखे बारीक असते, आणि गोळ्या पाडणारे कारखाने ते वर्षानुवर्षे वापरत आलेले आहेत. तेव्हा या शोधाची घडण अशी झाली : एक जुने औषध, त्याच्या जोडीने देण्यासाठीच आलेले दुसरे औषध, आणि चिमूटभर सोवळी वाळू!

बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालतात हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोणत्याही घरी विचारा. उद्या कोणी म्हणू लागला, की बांगडा आणि तिरफळ ही सांगड माझी, कारण मी आमटीला पितळी डाव न लावता लाकडी लावला. तर आमच्या बंदरावरच्या बायका त्याची काय संभावना करतील ती या सभ्य अंकात लिहिण्यासारखी नाही.

२००६ च्या मार्च महिन्यात मणिपूरच्या आणि देशपातळीवरच्या रुग्णसंघटनांनी या अर्जाला हरकत घेतली. वकील-व्यापारी नव्हेत, तीच गोळी घेऊन जगणारी माणसे. ऑगस्टमध्ये ती रस्त्यावरही उतरली, आणि त्याच महिन्यात कंपनीने अर्ज मागे घेत असल्याचे जाहीर केले. कंपनीने तेव्हा कारणे काहीही सांगितली असोत. वीस वर्षांचा मक्ता ज्याला खात्रीने आपला वाटतो तो मनुष्य निकालाआधी उठून जात नाही, एवढे मी आपल्या अनुभवाने सांगतो.

मुंबईतही असा एक अर्ज आला होता. लोपिनाविर आणि रिटोनाविर अशी एड्सवरची दुसरी जोडगोळी आहे. पहिले औषध यकृत फार लवकर मोडून टाकते. दुसरे यकृताचा तो हात धरून ठेवते, म्हणून पहिले रक्तात टिकते. ही जोडी जमवण्यात खरोखर डोके होते, ते मी नाकारीत नाही. पण मुंबईचा अर्ज त्या जोडीविषयी नव्हता. आधी ही औषधे मऊ कॅप्सुलात येत आणि ती थंड ठेवावी लागत. नंतर अॅबट कंपनीने त्यांची उष्णतेला टिकणारी कोरडी गोळी केली. अर्ज त्या कोरड्या गोळीबद्दल. गोळी उत्तम! ज्या गावात वीज दुपारी जाते ती रात्री येते तिथल्या रोग्याला तिचे मोल विचारा. पण तिला आकार देण्याची रीत त्या धंद्यात आधीच प्रचलित होती. आणि २०१० च्या अखेरीस मुंबईच्या कचेरीने, यात शोधकता नाही, असे सांगून अर्ज फेटाळला. सोयीला किंमत मिळावी, मक्ता मिळू नये, हा फरक त्या निकालात मला दिसतो.

दूर अमेरिकेत मात्र याहून मासलेवाईक प्रकार झाला. हायड्रालाझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट ही दोन जुनी, स्वस्त औषधे. हृदय दुर्बळ झालेल्या रोग्यांना ती एकत्र देऊन पाहिल्याचा निबंध १९८६ सालीच छापला होता. त्या जोडीचे पेटंट २००७ साली संपणार होते. मग त्याच जोडीचे दुसरे पेटंट निघाले, २०२० पर्यंतचे. नवीन काय? तर हीच जोडी कृष्णवर्णीय रोग्यांना द्यायची! औषधे तीच, रोग तोच, रोग्याची कातडी तेवढी अर्जात नव्याने लिहिली. २००५ साली ही गोळी बायडिल या नावाने बाजारात आली. तिने रोग्यांचे प्राण वाचवले, चाचणीत मृत्यू पुष्कळ कमी झाले, हेही खरे. पण तीच दोन औषधे सुटी, नाव नसलेली, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होतीच. गंमत अशी, की त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली मोटारीच्या पायट्याच्या एका खटल्यात सांगितले, की धंद्यातला जाणता माणूस हा काही कळसूत्री बाहुली नव्हे, त्यालाही दोन गोष्टी एकत्र जुळवण्यापुरती कल्पना असते. आम्हा कंपाउंडरांचा एवढा गौरव आजवर कोणी केला नव्हता.

माझा एक भाचा मुंबईला औषधाच्या कंपनीत आहे. गणपतीला घरी आला होता. पडवीत बसून मी त्याला हे सारे ऐकवले तेव्हा तो हसला.

“मामा, तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही हो ते. दोन औषधं एका गोळीत नांदतातच असं नाही. रिफाम्पिसिनजवळ आयसोनायझिड आलं की पोटातल्या आम्लात रिफाम्पिसिन नासायला लागतं. ते सांभाळायला आमची माणसं वर्षानुवर्षं राबतात.”

“राबतात ना? मग त्यांना पगार द्या, मालाला भाव घ्या. अरे, या कातळावर विहीर खणणारा गडीसुद्धा सुरुंग लावून लावून महिने घालवतो. त्याची मजुरी कोणी बुडवीत नाही. पण म्हणून विहीर ही कल्पना त्याची, दुसऱ्याने वीस वर्षे खणू नये, असं म्हणतो का तो?”

“आणि मागाहून सगळंच सोपं वाटतं, मामा. कोलंबसाचं अंडं!”

हा मात्र त्याचा मुद्दा वजनाचा आहे, म्हणून मी त्याला झटकून टाकला नाही. उत्तर कळल्यावर कोडे सोपे वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि चांगल्या संशोधकावर त्यामुळे अन्याय होऊ शकतो. पण त्यावर उपाय आहे. आज आपल्याला काय वाटते ते विचारूच नका. अर्जाच्या तारखेआधी काय छापले गेले होते तेवढे काढून बघा. १९९५ साली परवानगीच्या कागदावर, याच्या जोडीने घ्या, असे लिहिलेले असेल तर १९९७ साली जोड लावणाऱ्याचे अंडे आधीच कोणीतरी टेबलावर उभे करून ठेवलेले होते. हे पश्चातबुद्धीचे बोलणे नव्हे.

“पेटंट नसेल तर अशा गोळ्या कोण कशाला काढील?” हा त्याचा शेवटचा बाण. त्याला मी दोन नावे सांगितली. मलेरियावरची आर्टेसुनेट आणि अमोडायाक्विन यांची जोडगोळी सनोफी या फ्रेंच कंपनीने, दुर्लक्षित रोगांसाठी झटणाऱ्या एका ना-नफा संस्थेच्या सहकार्याने, २००७ साली काढली. आणि जाणूनबुजून तिचे पेटंट घेतले नाही. दुसरे नाव त्याहून मोठे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून रोग्यांना पाजले. या मिश्रणामागचे आतड्याचे शास्त्र आधीच प्रसिद्ध होते; महालनबीसांनी ते मरणाच्या दारात वापरून दाखवले. त्या पुडीने पुढे जगात किती लेकरे वाचली! २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले, मक्ता त्यांनी कधी मागितला नव्हता.

भाच्याने चहा संपवला आणि बोलणे रत्नागिरीच्या रस्त्याकडे वळवले. तरुण पिढीचे हे पेटंट उत्तर.

मग मिश्रणाला पेटंट कधीच देऊ नये काय? असे मी म्हणत नाही. आपल्या आजीबाईच्या बटव्यात सुंठ, मिरी आणि पिंपळी यांचे त्रिकटू असे. वैद्य ते कितीतरी औषधांच्या जोडीला घालीत. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी यामागचे इंगित शोधले. मिरीतले पिपरीन दुसऱ्या औषधाला रक्तात अधिक पोचवते. पुढे रिफाम्पिसिनच्या गोळीत दहा मिलिग्रॅम पिपरीन घातले, तेव्हा ४५० मिलिग्रॅमचे काम २०० मध्ये होऊ लागले. येथे एक अधिक एक दोन झाले नाहीत. येथे मिश्रणाने घटकांपलीकडचे काही केले. अशा जागी मी निर्णय देणाऱ्याच्या खुर्चीत असतो तर अर्जदाराला मान देऊन बसवून घेतले असते. आणि लगेच विचारलेही असते, की त्रिकटू जागोजाग घालणाऱ्या वैद्यांना यातले किती ठाऊक होते ते सांगा. हा प्रश्न मी केवळ परक्यांनाच विचारतो असे कोणी समजू नये. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, जखमेवर हळद लावण्याचे मिसिसिपीच्या विद्यापीठाला १९९५ साली मिळालेले पेटंट १९९७ साली रद्द करवले. त्याचा आपल्याला अभिमान आहेच. त्याच परिषदेला त्याच १९९५ साली पिपरीन आणि क्षयाच्या औषधांच्या मिश्रणाचे अमेरिकन पेटंट मिळाले. दोहोंना एकच गज लावला पाहिजे. मला वाटते, दुसरे पेटंट त्या गजाला उतरेल. पण गज लावायचा तो लावायचाच.

जोडगोळ्यांच्या मक्त्याने जोडगोळ्याच अडतात, ही या प्रकरणातली सर्वात विपरीत गोष्ट. एड्सवर तीन औषधे एकत्र द्यावी लागतात हे १९९६ च्या सुमारास जगाने मान्य केले. स्टाव्हुडीन एका कंपनीचे, लॅमिव्हुडीन दुसरीचे, नेव्हिरापीन तिसरीचे; तिघींचे मक्ते वेगळे. म्हणून पश्चिमेत या तिघांची एक गोळी कोणी करीना. ती झाली आपल्या मुंबईत. सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी ती केली, आणि २००१ च्या फेब्रुवारीत एका रोग्याच्या वर्षभराच्या औषधांना साडेतीनशे डॉलर असा भाव सांगितला. तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरांच्या वर होता. आपल्याकडे औषधी पदार्थावर पेटंट नव्हते म्हणूनच हे घडू शकले. आफ्रिकेतल्या लक्षावधी घरांत आज आजी म्हणून, आई म्हणून जी माणसे वावरताहेत त्यांतल्या पुष्कळांच्या आयुष्याचा धागा या तिहेरी गोळीपर्यंत येऊन पोचतो.

म्हणून आमचे देशी कारखानदार धुतल्या तांदळासारखे आहेत, असे मात्र कोणी समजू नका. आपल्याकडे जोडगोळ्यांचा नुसता सुळसुळाट झाला आहे. खोकल्यात तापाचे, तापात ॲलर्जीचे, दुखण्यात झोपेचे! राज्यांच्या परवाना कचेऱ्यांनी केंद्राला न विचारता अशा कितीतरी मिश्रणांना परवाने दिले, असे संसदेच्या समितीने २०१२ साली स्पष्ट सांगितले. मग बेळगावच्या विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने ही मिश्रणे तपासली; २०१६ च्या मार्चमध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली, ती कोर्टकचेऱ्यांत सापडली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये आणखी १५६ वर आली. या धंद्याला दोन खिडक्या आहेत. परवान्याच्या खिडकीशी गेले की सूर असा लागतो : “साहेब, यात नवीन काय आहे? दोन्ही औषधे जुनी, वापरातली; चाचण्या कशाला हव्यात?” आणि पेटंटाच्या खिडकीशी तोच धंदा गळा काढतो : “साहेब, ही जोडी आजवर कोणाच्या स्वप्नातही आली नव्हती!” दोन्ही खिडक्यांवरचे कारकून एकदा एकत्र चहाला बसवावेत, म्हणजे निम्मे काम भागेल.

ते होईपर्यंत आपल्या हातात एक हक्क आहे, आणि माझ्या रागाचे ताजे कारण तोच आहे. पेटंट देण्यापूर्वी त्या अर्जाला कोणीही हरकत घेऊ शकते. कायद्याचा शब्दच मुळी ‘कोणीही व्यक्ती’ असा आहे. कंपनी नको, पदवी नको, रोग्यालाही येता येते. मणिपूरची माणसे याच वाटेने आली. २०२४ च्या मार्च महिन्यात केंद्र सरकारने नियम बदलले. आता या हरकतीला फी बसवली आहे, आणि हरकत ऐकून घेण्याजोगी आहे की नाही हे अधिकारी आधी ठरवणार आहे. मक्तेदाराने मात्र आपला मक्ता देशात राबवला की नुसता कोंडून ठेवला याचा जो हिशेब वर्षाला द्यायचा, तो आता तीन वर्षांनी एकदा दिला तरी चालेल. खोट्या, भाडोत्री हरकती थांबाव्यात म्हणून हे केले, असे सांगतात. भाडोत्री हरकती येतात हे मलाही माहीत आहे. पण भाडोत्री माणसाला फी परवडते. अडतो तो दुसराच.

बेडाक्विलीन हे बळावलेल्या क्षयावरचे औषध. मूळ औषध खरोखर नवे होते. त्याच्या पहिल्या पेटंटाबद्दल माझी तक्रार नाही. ते २०२३ च्या जुलैत संपणार होते. परंतु कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षारावर दुसरा अर्ज करून मक्ता २०२७ पर्यंत लांबवायचा घाट घातला. क्षयाच्या औषधापायी ऐकणे गमावलेली मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि तशीच दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले, या दोन तरुणींनी त्याला हरकत घेतली. क्षार करणे ही औषधाच्या धंद्यातली नेहमीचीच गोष्ट, त्यात शोध कुठला, हा त्यांचा सवाल. २०२३ च्या २३ मार्चला अर्ज फेटाळला गेला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गरीब देशांसाठी सहा महिन्यांच्या औषधाचा भाव १३० डॉलरवर, म्हणजे आधीच्या निम्म्याहूनही खाली आला. आणि मुंबईच्या ल्युपिनची गोळीही त्या यादीत दाखल झाली. या दोघींनी आपली हरकत नोंदवली ती २०१९ साली. तेव्हा त्या खिडकीवर फी नव्हती.